फ्लॅट भाड्याने देताय? आधी नोंदणी, मग चावी

वाचकांच्या पत्रांतून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. 'करार अकरा महिन्यांचाच आहे, मग नोंदणी कशाला?' 'मोबाइलवर मेसेज आलाय की आता दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेता येत नाही, खरं का?' 'करार जानेवारीत संपला, माणूस चांगला म्हणून तसाच राहू दिला, आता तो हलत नाही, पोलिसांत जाऊ का?' विचारणारे बहुतेक जण एका घराचे मालक आहेत. कुणी फंडाच्या पैशांतून दुसरा फ्लॅट घेतलेला, कुणाचा मुलगा परदेशात गेल्याने घर रिकामं पडलेलं, कुणाकडे वडिलांच्या मागे राहिलेली डोंबिवलीची वन-रूम-किचन. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे आणि महाराष्ट्रापुरतं आहे. गोव्याचा भाडेकायदा १९६८ चा, वेगळा आहे.

बाजार पालटलाय

२०२० मध्ये हिंजवडी-खराडीतल्या रिकाम्या फ्लॅटांकडे कोणी फिरकत नव्हतं. पोरं लॅपटॉप घेऊन गावी गेली होती आणि मालक भाडं उतरवून असलेली माणसं टिकवत होते. कंपन्यांनी पुन्हा ऑफिसात बोलवायला सुरुवात केली तसं हे चित्र उलटलं.

मुंबईत त्यात पुनर्विकासाची भर पडली. चेंबूर, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, कुठेही बघा. एक जुनी इमारत पाडायला काढली की तिथली तीस-चाळीस कुटुंबं एकदम भाड्याच्या बाजारात येतात. मुलांची शाळा आणि आजींचा डॉक्टर सोडायचा नसतो, त्यामुळे त्यांना घर हवं असतं ते त्याच दोन-चार गल्ल्यांत. भाडं बिल्डर देणार, म्हणून घासाघीसही फार होत नाही. मालकाला हे भाडेकरू सोयीचे वाटतात आणि बहुतेकदा असतातही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. करार त्या कुटुंबाशी करा आणि त्यात 'बिल्डरकडून रक्कम मिळाल्यावर भाडं देऊ' असं वाक्य येऊ देऊ नका. बिल्डरने थकवलं तर तो तुमचा प्रश्न व्हायला नको. दुसरं, 'नवी इमारत तयार होईपर्यंत' अशी मुदत कधीच लिहू नका. तारीख लिहा. इमारत कधी तयार होईल हे खुद्द बिल्डरलाही ठाऊक नसतं.

अकरा महिन्यांचा गैरसमज

देशाच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून पळवाट म्हणून अकरा महिन्यांची चाल पडली आणि ती इतकी रुळली की 'अकरा महिने म्हणजे नोंदणी नको' हे लोकांना कायद्याचंच वाक्य वाटतं.

महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण माझ्या मते शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी तरतूद जास्त झोंबणारी आहे. करार नोंदवलेला नसेल तर भाडं किती, डिपॉझिट किती, अटी काय, याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ते मालकाने.

याचा चटका मला बसलाय. पहिल्यांदा घर दिलं तेव्हा कोर्टाबाहेरच्या टेबलावर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप करून घेतला, नोटरीचा लाल शिक्का मारला आणि निर्धास्त झालो. डिपॉझिट तीस हजार, चेकने. जाताना गृहस्थ म्हणाले, 'पन्नास. वीस रोख दिले होते की!' कागदावर तीस लिहिलं होतं, पण वकील मित्राने कागद उलटापालटा करून परत माझ्या हातात ठेवला. 'याच्या भरवशावर भांडू नकोस,' एवढंच म्हणाला. शेवटी दहा हजारांवर मिटवलं. त्या काळी नोंदणीला त्याच्या निम्म्यानेही खर्च आला नसता.

नोटरी हा नोंदणीला पर्याय नाही. हे वाक्य कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंत तरी हरकत नाही.

नोंदणी कशी, खर्च किती

आता त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस घालवायची गरज उरलेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणीची सोय आहे. स्वतः करता येते. बहुतेक जण अधिकृत एजंटाला बोलावतात. तो लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटवतो, फोटो आणि अंगठे घेतो. मालक, राहणारा आणि साक्षीदार एकाच वेळी एकाच खोलीत असण्याचीही गरज नसते.

खर्चाचा हिशेब असा:

- मुद्रांक शुल्क: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची रक्कम असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं मानीव व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर ०.२५ टक्के.
- नोंदणी फी: महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.
- दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि एजंटाची फी वेगळी. एजंटाची फी आधी ठरवून घ्या.

उदाहरण घ्या. भाडं २०,०००, मुदत २४ महिने, डिपॉझिट ६०,०००. भाड्याचे ४,८०,००० आणि डिपॉझिटवरच्या दोन वर्षांच्या मानीव व्याजाचे १२,०००, मिळून ४,९२,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,२३० रुपये. एवढ्यासाठी पाच लाखांचा व्यवहार नोटरीच्या शिक्क्यावर टांगून ठेवायचा?

म्हणूनच दर अकरा महिन्यांनी सगळं नव्याने करण्यापेक्षा २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करून त्यात भाडेवाढ लिहून ठेवावी, असं मी सुचवतो. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. नोंदणी झाल्यावर नोंदवलेला करार आणि इंडेक्स २, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, उतरवून घ्या. नुसती 'सबमिट झालं' अशी पावती म्हणजे नोंदणी नव्हे. विभागाने त्रुटी काढून दस्त अडकवून ठेवलेला असतो आणि सहा महिने कुणी बघत नाही, असं बरेचदा घडतं.

घर अजून वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर सोसायटीत नाव लागलेल्या एकट्या भावाने करार करू नये. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, नाहीतर त्यांचं मुखत्यारपत्र.

तो डिपॉझिटचा मेसेज

'नवा भाडेकायदा लागू, डिपॉझिट दोनच महिन्यांचं' हा मेसेज कुठून उगवतो ते सांगतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. घरभाडं हा राज्यांचा विषय, आणि राज्याने आपला कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच कायदा, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला त्यात कमाल मर्यादा घातलेली नाही.

म्हणून वाटेल तेवढं मागावं असं नाही. दोन-तीन महिन्यांचं भाडं पुरेसं असतं. एक महिना थकबाकी, एक महिना नोटीस, उरलेलं मोडतोडीला.

'हेवी डिपॉझिट'बद्दल मात्र माझं मत कडक आहे. आठ-दहा लाख एकरकमी घ्यायचे आणि महिन्याचं भाडं नाममात्र, हा प्रकार मुंबई-ठाण्याकडे चालतो. त्या पैशांतून मालक मुलीचं लग्न उरकतो किंवा कर्ज फेडतो. मुदत संपल्यावर समोरचा म्हणतो, 'पैसे द्या, चावी घ्या.' त्याचं म्हणणं रास्तच असतं आणि तुमच्याकडे पैसे नसतात. रक्कम जशीच्या तशी मुदतठेवीत ठेवायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

भाडं किती मागावं

भाव वर गेलेत हे ऐकून काही मालक घर रिकामं ठेवून बसतात. बाजारात २५,००० मिळतंय, पण यांना २७,००० हवेत. गणित करा. वरचे २,००० अकरा महिन्यांत २२,००० होतात. घर एक महिना रिकामं राहिलं तर २५,००० गेले, वर त्या महिन्याचा सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्याच खिशातून. वेळेवर पैसे देणारं आणि नळ गळू लागला की त्याच दिवशी फोन करणारं कुटुंब मिळत असेल तर हजार-दोन हजारांवर अडून बसू नये.

वाढीबद्दलही गोंधळ आहे. '४ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही ना?' असं विचारतात. वर्षाला ४ टक्के वाढीचा नियम याच कायद्यात आहे, पण तो जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात जे लिहाल ते चालतं. साधारणपणे वर्षाला ५ ते १० टक्के लिहिण्याची पद्धत आहे. मुदतीच्या मध्येच, 'शेजारच्याला जास्त मिळतंय' म्हणून वाढ मागता येत नाही.

माणूस आत घेण्यापूर्वी

- आधार आणि पॅन बघाच, शिवाय नोकरीचं पत्र किंवा व्यवसायाचा पुरावा मागा. आधीच्या घरमालकाला फोन करा. हे लोक हमखास टाळतात, आणि खरी माहिती तिथेच मिळते.
- राहणाऱ्या सगळ्या प्रौढ व्यक्तींची नावं करारात घाला. चार मुली राहणार असतील तर चौघींची.
- पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त तसे आदेश काढत असतात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पोचपावती जपून ठेवा.
- परदेशी नागरिक राहणार असेल तर २४ तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरणं ही तुमची जबाबदारी.
- पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट किंवा दिवसाच्या हिशेबाने पाहुणे ठेवायला मनाई, असं स्पष्ट लिहा. घर कुटुंबाला दिलं आणि शनिवार-रविवारी तिथे ट्रॉली बॅगा घेऊन अनोळखी लोक उतरतात, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही.

सोसायटी काय करू शकते

सोसायटीला नोंदवलेल्या कराराची आणि पोलिसांच्या पोचपावतीची प्रत द्या. तिला माहिती मिळणं हा तिचा हक्कच आहे. पण आदर्श उपविधींनुसार घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. 'कमिटीची मुलाखत' घेण्याची जी टूम निघालीय तिला उपविधीचा आधार नाही.

बिनभोगवटा शुल्क, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ही मर्यादा घातली आहे. हे १० टक्के महापालिकेचे कर धरून येणाऱ्या पूर्ण बिलावर लावायचे नसतात. सेवाशुल्क २,००० असेल तर शुल्क २०० रुपये. आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांच्यासारखे जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही. भाड्याच्या १० टक्के आकारणी होत असेल तर लेखी हरकत घ्या, उत्तर नाही आलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

पुण्यात एक जास्तीची गोष्ट: महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घराला आहे. घर भाड्याने दिलं की ती धरू नका. ठरवलेल्या भाड्यातून तेवढा कर वजा करून उत्पन्न मोजा.

चावी देण्याचा दिवस

या दिवशी अर्धा तास काढा. राहणाऱ्याला बरोबर घेऊन मोबाइलवर सलग व्हिडिओ करा: दारापासून सुरुवात, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक पंखा लावून, गीझरचा दिवा पेटलेला दाखवून, ओट्याचा ग्रॅनाइट, बाथरूमचा कोपरा, कपाटांची कुलपं. विजेच्या मीटरचं रीडिंग आणि गॅसचं रीडिंग फोटोत घ्या. मग तो व्हिडिओ दोघांच्या फोनवर ठेवा. माझ्या दुसऱ्या भाडेकरूने जाताना सिंकखालचा कुजलेला प्लायवूड दाखवून म्हटलं, 'हे आधीपासूनच होतं.' मी व्हिडिओ लावला. खरोखरच आधीपासून होतं! डिपॉझिटमधून कापायला निघालेले चार हजार मी मुकाट्याने परत दिले. व्हिडिओ दोघांनाही प्रामाणिक ठेवतो.

रंगाचं आधीच ठरवा. दोन वर्षं राहिल्यावर भिंती मळणारच. ती मोडतोड नव्हे. जाताना रंगापोटी ठरावीक रक्कम कापणार असाल तर आकडा करारात हवा. आयत्या वेळी 'आमच्याकडे एक महिन्याचं भाडं कापतात' म्हणणं शोभत नाही.

आयकर: थोडक्यात, पण टाळू नका

- राहत्या घराचं भाडं 'घर-मालमत्तेचं उत्पन्न' म्हणूनच दाखवायचं. ते व्यवसायाचं उत्पन्न दाखवून खर्च वजा करण्याची वाट २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली.
- तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करून उरेल त्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत, आणि खर्च जास्त झाला म्हणून जास्त वजावटही मिळत नाही.
- भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर राहणाऱ्याने टीडीएस कापायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ टक्क्यांवर आलाय. तुमचा पॅन त्याला द्या आणि कापलेली रक्कम तुमच्या खात्यावर दिसते का ते तपासा.
- मालक अनिवासी असेल तर ही ५०,००० ची मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर उपकर कापावा लागतो. न्यू जर्सीत बसून कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी हे राहणाऱ्याला आधी सांगावं, कारण न कापल्यास अडचणीत तो येतो. भाडं एनआरओ खात्यात घ्यावं.
- घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर उत्पन्न वाट्याप्रमाणे दोघांच्या विवरणपत्रात जातं.

मुदत संपली आणि माणूस निघत नाही

मुळात घर द्यायला लोक घाबरतात ते यामुळे. 'बारा वर्षं राहिला तर घर त्याचं होतं' हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. तुमच्या परवानगीने आत आलेल्या माणसाचा ताबा नुसत्या वर्षांच्या मोजणीने मालकी होत नाही. ही भीती पागडीच्या आणि १९४७ च्या जुन्या भाडेकायद्याच्या काळातून आली आहे.

नोंदवलेला करार हातात असेल तर तुमचा मार्ग असा:

- मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी कळवा: ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट. व्हॉट्सॲप पुरतं समजू नका.
- मुदतीनंतर नवा करार न करता भाडं घेत राहू नका. 'मालकाने मला चालू ठेवलंय' म्हणायला त्याला जागा मिळते.
- कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. हे नेहमीचं दिवाणी कोर्ट नव्हे, वेगळी आणि आटोपशीर प्रक्रिया आहे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला बचाव मांडण्याची परवानगी शपथपत्रावर मागावी लागते.
- मुदतीनंतर तो जितके दिवस राहील त्यांच्यासाठी दुप्पट दराने भरपाईचा तुम्हाला हक्क आहे.
- कराराबाहेरच्या कुणी माणसाने मध्येच 'मीही राहतो' म्हणून हक्क सांगितला तर प्राधिकारी तो ऐकत नाही.

'आटोपशीर' म्हटलं तरी महिने जातात, हे गृहीत धरा. तोवर पाणी तोडणं, मीटर काढणं, तो कामावर गेल्यावर कुलूप बदलणं यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला हाच कायदा मनाई करतो, आणि बाजू तुमची असताना गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. पोलीस घर रिकामं करून देत नाहीत. तो त्यांचा अधिकार नाही. आणि माणूस खरोखर अडचणीत असेल, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतील, तर दोन महिन्यांचा नवा करार नोंदवून द्या. तोंडी मुदतवाढ मात्र एका आठवड्याचीही नको.

आता उठा, कपाटातली ती फाइल काढा आणि तुमच्या कराराची शेवटची तारीख बघा. ती उलटून गेली असेल आणि माणूस घरातच असेल, तर येत्या रविवारी एजंटाला नव्या करारासाठी अंगठे घ्यायला बोलवा.